चोवीस तास कोण बघतं?

१९ जून २०१६. रविवार. संध्याकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. इंजिनियरिंगच्या सुट्टीत घरी आलो होतो आणि आदल्या संध्याकाळपासून लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. मध्ये चार-पाच तास झोप, दोनदा जेवण, एकदा आईने सांगितलं म्हणून दळण. बाकी सगळा वेळ समोर गाड्या गोल गोल फिरत होत्या. आई दाराशी येऊन म्हणाली, "अरे, कालपासून त्याच गाड्या आणि तोच रस्ता. चोवीस तास कोण बघतं असलं?"

"आई, पाच मिनिटं राहिलीत. संपलंच आता."

आणि नेमकी तेव्हाच पुढे असलेली टोयोटा हळू पडायला लागली. आतून चालक काझुकी नाकाजिमाचा रेडिओवर आवाज आला, गाडीला ताकदच नाहीये म्हणून. तेवीस तास चोपन्न-पंचावन्न मिनिटं धावलेली गाडी शेवटची साडेतीन मिनिटं उरली असताना सुरुवातीच्या रेषेच्या किंचित पुढे, सगळ्या प्रेक्षकांसमोर उभी राहिली. मागून आलेली पोर्शे तिच्या शेजारून निघून गेली. कॅमेरा टोयोटाच्या गॅरेजमध्ये गेला, तिथे माणसं पुतळ्यासारखी उभी. मग पोर्शेच्या गॅरेजमध्ये, तिथे काय झालंय हे कुणाला खरंच वाटत नव्हतं.

आई तोवर पलंगाच्या कडेला टेकली होती. म्हणाली, "मग त्या बिचाऱ्याला दुसरा नंबर तरी मिळेल ना?" नाही मिळाला. नियमाप्रमाणे शेवटची फेरी सहा मिनिटांच्या आत पूर्ण करावी लागते. नाकाजिमाने गाडी कशीबशी ओढत आणली, पण वेळ जास्त लागला, त्यामुळे त्या गाडीला अंतिम क्रमवारीत जागाच नाही. नंतर कळलं की टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या एका जोडणीने दगा दिला होता. एवढासा भाग!

(जिंकलेल्या पोर्शेचा एक चालक नील जानी. स्विस आहे, पण वडील मूळचे भारतीय. हे मी आईला सांगितल्यावर तिची सहानुभूती किंचित विभागली गेली. :-) )

तर मंडळी, आईचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. चोवीस तास कोण बघतं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चोवीस तास दाखवतं कोण? गेली काही वर्षं विकांताला सवड मिळेल तसं याबद्दल वाचत, जुन्या चित्रफिती बघत आलोय. त्यातून जे हाती लागलं ते आज इथे मांडतोय. गाड्यांची आवड नसली तरी वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट गाड्यांइतकीच कॅमेऱ्याची आहे.

*

आधी थोडी ओळख. ल माँ हे फ्रान्समधलं गाव. लिहिताना शेवटी 'स' येतो, पण उच्चारत नाहीत. तिथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटार शर्यत होते. मधली महायुद्धाची वगैरे वर्षं सोडली तर अजून चालू आहे. ट्रॅक साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त लांब, आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे एरवी गावकऱ्यांच्या वापरातले साधे रस्ते. एका गाडीला आता तीन चालक, आळीपाळीने चालवतात. अलीकडे ६२ गाड्या सुरुवातीला उभ्या असतात. म्हणजे १८६ चालक. त्यात वेगवेगळे वर्ग, वेगवान गाड्या आणि त्यांच्यापेक्षा बऱ्याच हळू गाड्या एकाच रस्त्यावर, आणि त्यातले बरेच तास रात्रीच्या अंधारातले.

आता ही गोष्ट टीव्हीवर दाखवायची म्हटलं तर काय होईल बघा. क्रिकेटमध्ये निदान चेंडू एकच असतो. कॅमेरे कितीही असले तरी कुठे बघायचं हे ठाऊक असतं. इथे ६२ चेंडू, मैदान साडेतेरा किलोमीटरचं आणि सामन्यातले बरेच तास दिवे गेलेले! शिवाय 'आता महत्त्वाचं घडतंय' असं आधी कळत नाही. तीन तास काहीच होत नाही आणि मग चार सेकंदांत सगळं होतं. ते चार सेकंद नेमके कोणत्या वळणावर असतील हे दिग्दर्शकाला कोण सांगणार?

म्हणूनच या शर्यतीचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, काय दिसलं आणि काय दिसलं नाही याचा इतिहास आहे.

*

सुरुवात एका भयंकर प्रसंगापासून करावी लागते.

११ जून १९५५. शर्यत सुरू होऊन साधारण अडीच तास झाले होते. जॅग्वार चालवणारा माइक हॉथॉर्न पिटमध्ये थांबायला म्हणून वेग कमी करत बाजूला आला. त्याच्या मागे लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली होती, ती डावीकडे सरकली. तिच्या मागून प्रचंड वेगात येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून हवेत उडाली आणि कडेच्या बांधावर आपटली. इंजिन आणि पुढचे सुटे भाग थेट प्रेक्षकांच्या गर्दीत घुसले. लव्हेग गेला आणि त्याच्यासोबत ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. मोटार शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वात मोठा अपघात.

शर्यत थांबवली नाही. आयोजकांचं म्हणणं असं की एवढे लोक एकदम बाहेर पडले तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या, त्यातली फांजिओ आणि मॉस यांची गाडी तेव्हा पहिली होती. हॉथॉर्नची जॅग्वार जिंकली. ट्रॅकच्या दूरच्या भागात बसलेल्या अनेकांना काय घडलंय हे लगेच कळलंही नव्हतं.

जगाला ते कळलं वर्तमानपत्रांतल्या फोटोंतून आणि न्यूजरीलमधून. आपल्याकडे थिएटरात सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळं लागायची ना, बाबांच्या पिढीला चांगली आठवतील, तसाच हा प्रकार. अपघाताचं चित्रण झालेलं होतं आणि ते जगभर दाखवलं गेलं. त्यानंतर अनेक देशांत शर्यतींवर तात्पुरती बंदी आली, स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतींवर कित्येक दशकं टिकलेली बंदी घातली. मर्सिडीजने हंगामाच्या शेवटी शर्यतींतून अंग काढून घेतलं. ल माँमध्ये पिट आणि प्रेक्षकांच्या सज्जांचा भाग पाडून नव्याने बांधला गेला.

अपघात त्याआधीही होत होते, माणसं मरत होती. पण या वेळी ते पडद्यावर दिसलं. फक्त त्यामुळेच सगळे बदल झाले असं मी म्हणणार नाही, ऐंशीच्यावर माणसं गेल्यावर काहीतरी होणारच होतं. तरी ज्यांनी ल माँचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना हा प्रश्न आपला वाटला तो त्या काही सेकंदांच्या फितीमुळे.

आणि पुढच्याच वर्षीची, १९५६ ची, एक चित्रफीत आहे. जालावर सहज सापडते, जरूर बघा. जॅग्वारच्या गाडीवर कॅमेरा बसवलाय, चालकाजवळ माइक आहे, आणि गाडी शर्यतीआधी ल माँच्या रस्त्यावरून एक फेरी मारते. रस्ता वाहतुकीला खुला आहे, सायकलवाले दिसतात, समोरून गाड्या येतात. चालक अगदी मजेत, गप्पा मारल्यासारखं वर्णन करतोय. कुठे ब्रेक मारायचा, कुठे वळायचं. तो आवाज माइक हॉथॉर्नचा आहे. एक वर्षापूर्वी ज्याच्याभोवती सगळा वाद फिरत होता तोच हा माणूस. तो आवाज ऐकताना मला दर वेळी कसंतरी होतं. १९५९ च्या जानेवारीत साध्या रस्त्यावर, मोटार अपघातातच तो गेला.

*

कॅमेरा आला की माणसं कॅमेऱ्यासाठी वागायला लागतात, हे आपल्याला लग्नाच्या व्हिडिओपासून माहीत आहे. ल माँचंही तेच झालं.

१९६६ साली फोर्डच्या तीन गाड्या पहिल्या तीन जागांवर होत्या. फेरारीला हरवण्यासाठी फोर्डने ओतलेला पैसा सत्कारणी लागला होता. मग वरिष्ठांच्या डोक्यात आलं की तिन्ही गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडली तर काय झकास फोटो येईल! पुढे असलेल्या केन माइल्सला वेग कमी करायला सांगितलं. फोटो आला, सुंदरच आला. पण बरोबरी वगैरे काही धरली गेली नाही. ब्रूस मॅकलॅरन आणि क्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला माइल्सच्या मागे उभी होती, म्हणजे तिने काही मीटर जास्त अंतर कापलं, म्हणून ती विजेती. माइल्स दुसरा. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेला. २०१९ च्या 'फोर्ड व्ही फेरारी' सिनेमामुळे ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मला त्यात खुपतं ते एवढंच की ल माँ जिंकायची त्याची ती सर्वात जवळची संधी होती, आणि ती गेली एका फोटोपायी.

दुसरं टोक म्हणजे १९७०. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनला ल माँवर सिनेमा करायचा होता. खोटी शर्यत नको, खरीच हवी. त्याला स्वतःला भाग घ्यायचा होता पण विम्यावरून ते बारगळलं. मग त्याच्या कंपनीने एक पोर्शे ९०८ चक्क शर्यतीत उतरवली, पुढे-मागे कॅमेरे बसवून! हर्बर्ट लिंगं आणि जोनाथन विल्यम्स हे दोन चालक. फिल्मचं रीळ संपलं की पिटमध्ये यायचं, रीळ बदलायचं, पुन्हा बाहेर. इतके थांबे घेऊनही गाडी शेवटपर्यंत धावली, फक्त किमान अंतर भरलं नाही म्हणून क्रमवारीत धरली नाही. पुढे चित्रीकरणाच्या वेळी डेव्हिड पायपर नावाच्या चालकाला अपघात झाला आणि त्याचा एका पायाचा खालचा भाग गेला.

१९७१ मध्ये सिनेमा आला आणि आपटला. कथा नावापुरतीच, पहिला जवळजवळ अर्धा तास कुणी धड बोलत नाही. पण आज तोच सिनेमा चाहते जपून ठेवतात, कारण त्या काळातली खरी शर्यत आतून कशी दिसायची याचा त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. पडलेला सिनेमा आणि उत्तम दप्तर!

या सगळ्यात एक तांत्रिक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. रीळ होतं, म्हणजे चित्र नंतर दिसणार. धावत्या गाडीतून चित्र त्याच क्षणी घरी पोहोचवायचं कसं? याचं उत्तर ल माँत नाही, ऑस्ट्रेलियात मिळालं. बाथर्स्टच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत १९७९ साली तिथल्या चॅनल सेव्हनने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकामध्ये कॅमेरा बसवला. गाडीतून सिग्नल वर हेलिकॉप्टरकडे, हेलिकॉप्टरकडून खाली जमिनीवर, तिथून प्रक्षेपणाला. डोंगरात, झाडांत गाडी गेली तरी वर आकाशात अडथळा नाही. वर चालकाशी गप्पाही. समालोचक विचारणार, तो गाडी चालवता चालवता उत्तर देणार. आज कुठल्याही शर्यतीत आपण जे 'गाडीतून' बघतो त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते.

*

आता या गोष्टीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. थोडं सावकाश वाचा.

१९८० च्या दशकात दीर्घ पल्ल्याच्या शर्यती जोरात होत्या. 'ग्रुप सी' नावाचे नियम १९८२ मध्ये आले. त्यांचं सूत्र इंजिनियरला आवडेल असं होतं. इंजिन कसलंही आणा, इंधन मात्र मोजून मिळेल. त्यातच काय ते करा. पोर्शे, जॅग्वार, मर्सिडीजचं इंजिन असलेली साउबर, निसान, टोयोटा, माझदा, सगळे आले. जागतिक मालिकेतल्या बहुतेक शर्यती हजार किलोमीटरच्या, म्हणजे पाच-सहा तासांच्या, आणि त्यात ल माँ चोवीस तासांची.

त्याच काळात फॉर्म्युला वन टीव्हीवर भरभराटीला आली होती. दोन तासांच्या आत शर्यत खलास, रविवारी दुपारी बसून बघता येते. जाहिरातदार खूश, वाहिन्या खूश. साहजिकच तेव्हाची नियामक संस्था फिसा हिला वाटलं की सहनशक्तीच्या शर्यतीही टीव्हीच्या मापात बसवाव्यात.

१९८९ पासून ल माँ वगळता शर्यती ४८० किलोमीटरवर आणल्या. आधीच्या निम्म्याहून कमी. इंधनाचं गणित जाऊन ३.५ लिटरची, फॉर्म्युला वनसारखी इंजिनं आणायचं ठरलं. त्याच वर्षी टीव्हीच्या हक्कांवरून फिसा आणि ल माँचे आयोजक एसीओ यांचं इतकं बिनसलं की ल माँ त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत नव्हतीच! म्हणजे आपल्याकडे रणजी स्पर्धा भरवायची पण मुंबईला वगळून, तसं काहीसं. १९९० ला ट्रॅकवरून वाद. मुल्सानचा सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता, जिथे १९८८ साली एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता, तो दोन ठिकाणी वळणं घालून तोडावा लागला. हा बदल सुरक्षेसाठी होता आणि बरोबरच होता. पण मालिकेत ल माँ त्याही वर्षी नव्हती.

झालं काय? नवी इंजिनं भयंकर महाग. खासगी संघांना परवडेनात, ते गेले. १९९१ नंतर मर्सिडीज आणि जॅग्वार गेले. १९९२ मध्ये ल माँला अवघ्या २८ गाड्या सुरुवातीला होत्या, आणि मालिकेतल्या काही शर्यतींना तर जेमतेम दहा-बारा. त्या हंगामानंतर मालिका बंद. ल माँसकटचं जागतिक अजिंक्यपद पुन्हा आलं ते थेट २०१२ ला, म्हणजे वीस वर्षांनी.

पुष्कळ चाहत्यांना अजून संशय आहे की कंपन्यांना फॉर्म्युला वनकडे वळवण्यासाठी हे मुद्दाम केलं गेलं. मर्सिडीज आणि प्यूजो नंतर तिकडेच गेले हे खरं. पण हेतू काय होता यात मी पडत नाही. मला दिसतं ते असं. गिऱ्हाईक म्हणालं, 'तुमचं प्रॉडक्ट चांगलं आहे पण आमच्या स्क्रीनवर मावत नाही.' तेव्हा यांनी स्क्रीनचा विचार करायच्या ऐवजी प्रॉडक्टच कापलं. आणि कापल्यावर जे उरलं ते बघायला कुणी आलं नाही, कारण तसलंच, त्याहून चांगलं, शेजारच्या दुकानात मिळत होतं. ज्यांनी कुणी आपल्या प्रोजेक्टमध्ये असा प्रकार पाहिलाय त्यांनी हात वर करा. माझा वर आहे.

*

मालिका मेली, ल माँ मात्र टिकली. १९९० च्या दशकाच्या शेवटी कंपन्या परतल्या. आणि १९९९ साल उजाडलं.

मर्सिडीजच्या तीन नव्या गाड्या होत्या, सीएलआर नावाच्या. बुटक्या, लांब, सपाट. गुरुवारी पात्रता फेरीत मार्क वेबरची गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे असताना पुढून उचलली गेली आणि हवेत उलटली. कॅमेऱ्याने टिपलं नाही. शनिवारी सकाळी सरावात तोच वेबर, दुरुस्त केलेली गाडी, पुन्हा तेच. या वेळी काही फोटो निघाले, गाडी छतावर पडलेली लोकांनी पाहिली. संघाने गाडीच्या नाकाशी जादा पट्ट्या बसवल्या, चालकांना सांगितलं की दुसऱ्या गाडीच्या फार मागे-मागे राहू नका, आणि उरलेल्या दोन गाड्या शर्यतीत उतरवल्या.

शर्यत सुरू होऊन पाच तासही झाले नव्हते. उजेड होता. पीटर डमब्रेकची मर्सिडीज झाडांमधल्या वेगवान रस्त्यावर एका गाडीच्या मागे होती, आणि कॅमेरा नेमका तिच्यावर होता. गाडी पतंगासारखी उचलली गेली, हवेत गिरक्या घेत कठड्यावरून पलीकडे झाडीत दिसेनाशी झाली. थेट प्रक्षेपणात. मग काही वेळ कुणालाच काही कळेना. डमब्रेक वाचला, मोठी इजाही नाही. मर्सिडीजने तिसरी गाडी लगेच आत बोलावली, गॅरेजचं दार खाली ओढलं.

हे मी कितीदा बघितलं असेल कोण जाणे. आता विचार करा. त्याच गाडीचा तोच दोष तीन दिवसांत तीनदा दिसला. वर १९९८ मध्ये अमेरिकेत रोड अटलांटाला यानिक दालमासची पोर्शे अशीच उलटली होती. माहिती होती. पण पहिल्या दोन वेळा 'बघू, काहीतरी करू' झालं. तिसऱ्यांदा सगळ्या जगाने पाहिलं आणि दहा मिनिटांत निर्णय झाला.

मी सपोर्टचं काम करतो. रात्री-अपरात्री फोन येतो की सिस्टिम पडली. दुसऱ्या दिवशी लॉग उघडून बघावं तर आठवड्यात आधी दोनदा तीच एरर येऊन गेलेली असते. कुणीतरी पाहिलेली असते, रीस्टार्ट करून पुढे गेलेलं असतं. गिऱ्हाइकाला दिसत नाही तोवर ती घटना 'घटली' असं आपण धरतच नाही. त्या मर्सिडीजच्या इंजिनियरांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. आपण काही वेगळं केलं असतं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

पुढे नियम बदलत गेले. २०११ पासून नव्या बंद प्रोटोटाइप गाड्यांच्या पाठीवर उभा पंख आला, २०१२ ला चाकांवरच्या भागात भोकं आली, गाडी आडवी झाली तरी खालून हवा भरून उडू नये म्हणून. त्या चित्रफितीचा त्यात वाटा किती ते मोजता येणार नाही, पण ती बघितलेला माणूस 'पंख विद्रूप दिसतो' अशी तक्रार करत नाही.

*

मग उरलेले तास कोण दाखवत होतं? बराच काळ, कुणीच नाही. सुरुवात दाखवायची, मध्ये झलक, आणि शेवट. रात्रीचे तास नाहीतच. ते तास जिवंत ठेवले ते रेडिओने. ल माँला जाणाऱ्या इंग्रज प्रेक्षकांसाठी 'रेडिओ ल माँ' नावाचं छोटं केंद्र १९८० च्या दशकात सुरू झालं आणि पुढे जालावरून जगभर ऐकू यायला लागलं. जॉन हिंडहॉ या समालोचकाचा आवाज म्हणजे अनेकांसाठी ल माँची रात्र. अमेरिकेत १९९६ मध्ये स्पीडव्हिजन ही मोटारींना वाहिलेली वाहिनी निघाली, पुढे तिचं स्पीड झालं, २०१३ मध्ये तीही बंद. युरोपात युरोस्पोर्टने हळूहळू पूर्ण चोवीस तास दाखवायला सुरुवात केली. आणि मग इंटरनेट. ज्याला वेळेचं बंधन नाही, ज्याला नऊच्या बातम्या लावायच्या नाहीत असा पडदा पहिल्यांदा मिळाला. शर्यत कापायची गरज संपली. १९८९ मध्ये न मावणारी गोष्ट आता आरामात मावत होती. वीस वर्षं धीर धरायला हवा होता, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

तरी सगळं दिसतंच असं नाही. २०११ मध्ये पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची ऑडी उडून कठड्यावर आदळली, तिचे तुकडे पलीकडे उभ्या फोटोग्राफरांवर पडले, सुदैवाने कुणी गेलं नाही. ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच रात्री माइक रॉकनफेलरच्या ऑडीला फार मोठ्या वेगात अपघात झाला. तो धक्क्याचा क्षण अंधारात धड दिसलाच नाही. दिसला तो नंतरचा सांगाडा. चालक कुठाय हे कळेपर्यंतचा वेळ बघणाऱ्यांना फार जड गेला असणार. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला होता. तिसरी ऑडी मग एकटीच प्यूजोंशी भांडत राहिली आणि चोवीस तासांनंतर चौदा सेकंदांहूनही कमी फरकाने जिंकली.

आणि २०१२. आपला करुण चंढोक ल माँच्या शर्यतीत धावणारा पहिला भारतीय ठरला. (नरेन कार्तिकेयन २००९ मध्येच झाला असता, पण शर्यतीच्या तोंडावर पिटच्या भिंतीवरून उतरताना खांदा निखळला!) चंढोकच्या गाडीने एकंदरीत सहावा क्रमांक पटकावला. त्याचे दोन सहकारी होते डेव्हिड ब्रॅबम आणि... पीटर डमब्रेक. हो, तोच, झाडीत दिसेनासा झालेला. तेरा वर्षांनी त्याच रस्त्यावर, रात्री, पुन्हा. जगाने त्याला ओळखलं ते त्या चार सेकंदांमुळे. पण त्यानंतरचे हजारो किलोमीटर त्याने शांतपणे चालवले, आणि त्यातले बहुतेक कुठल्याच कॅमेऱ्याने दाखवले नसणार.

*

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर.

चोवीस तास कुणीच बघत नाही. प्रत्यक्ष जाणारेही झोपतात, जेवतात. एका वेळी साडेतेरा किलोमीटरपैकी पाचशे मीटर दिसतात. चालकही आपल्या वाट्याचे तास चालवून झोपायला जातो आणि उठल्यावर विचारतो, 'कितवे आहोत?' ही शर्यत पूर्ण पाहिलेला माणूस आजवर झालेला नाही. तरी ती पूर्ण चालू ठेवावी लागते, आणि आता पूर्ण दाखवावीही लागते, कारण ते शेवटचं साडेतीन मिनिटांचं दुःख समजायला आधीचे तेवीस तास खरोखर गेलेले असावे लागतात. नुसती झलक बघितली असती तर ती एक बंद पडलेली गाडी होती, बस्स. आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात तशी.

टोयोटा शेवटी २०१८ मध्ये जिंकली. नाकाजिमाच गाडीत होता, शेवटची पाळीही त्याचीच. त्या दिवशी मी नोकरीच्या गावी होतो. शर्यत संपल्यावर घरी फोन केला. आईने उचलला.

"आई, तो जपानी जिंकला आज."

"कोण रे?... हां, तो गाडी बंद पडलेला? बरं झालं बाई," आई म्हणाली. "जेवलास का?"

असो. बरंच लांबलं. पण विषयच चोवीस तासांचा होता, समजून घ्या. :-)